'पाळलं तर बिघडतं काय?' – अशुभ आकड्यांची खरी किंमत

मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या बहुमजली रुग्णालयात गेलात तर लिफ्टमधली बटणं जरा निरखून बघा. काही ठिकाणी १२ नंतर थेट १४ येतो. कुठे '१२ अ' असतो. खोल्यांचे क्रमांक बघा, खाटांचे बघा. तेरा गायब! ज्या इमारतीत रक्तातलं पोटॅशियम दशांश चिन्हापर्यंत मोजतात, त्याच इमारतीत बारानंतर तेरा येतो हे मान्य करायची हिंमत नसते.

याबद्दल कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "अहो डॉक्टर, लोकांच्या मनाचं समाधान. पाळलं तर बिघडतं काय?"

बिघडतं. कसं बिघडतं, तेच आज सांगायचं आहे. आकडा कुणाचं काही वाकडं करत नाही. पण आकड्याला घाबरून माणसं जे निर्णय घेतात, त्यांची किंमत कुणीतरी मोजतं. बहुतेक वेळा ती मोजणारी व्यक्ती बाळंतीण असते किंवा तिचं बाळ असतं.

एकच आकडा, कुठे पूज्य, कुठे पापी

आधी हे अशुभ आकडे येतात कुठून ते पाहू.

युरोप-अमेरिकेत १३ वाईट. येशूच्या शेवटच्या भोजनाला तेरा जण होते, असं त्याचं एक कारण सांगतात. इटलीत मात्र १३ पेक्षा १७ ची भीती मोठी. रोमन पद्धतीने १७ लिहिताना जी चार अक्षरं येतात, ती उलटसुलट केली की लॅटिनमध्ये 'विक्सी' असा शब्द तयार होतो. अर्थ, 'मी जगलो'. म्हणजे आता संपलो!

चीन, जपान आणि कोरियात ४ वाईट, कारण तिथल्या भाषांमध्ये 'चार' आणि 'मृत्यू' या शब्दांचे उच्चार सारखे किंवा जवळजवळ सारखे आहेत. कोरियात कित्येक लिफ्टमध्ये ४ ऐवजी इंग्रजी 'एफ' हे अक्षर असतं. जपानमध्ये ९ सुद्धा नको, कारण त्याचा 'कु' हा उच्चार 'यातना' या अर्थाच्या शब्दासारखा आहे. म्हणून तिथल्या अनेक रुग्णालयांत ४ आणि ९ क्रमांकाच्या खोल्या नसतात.

आता आपल्याकडे या. चतुर्थी ही गणपतीची तिथी. चौथा दिवस आपण मोदक करून साजरा करतो. त्रयोदशी म्हणजे तेरावी तिथी. दिवाळीतल्या धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची, म्हणजे वैद्यांच्या देवतेची पूजा करतो. ज्या तेराव्या तिथीला वैद्यकाचं दैवत पुजायचं, त्याच तेराला रुग्णालयातून हद्दपार करायचं, याला काय म्हणावं? आपल्याकडे तेराव्याचा संबंध मृत्यूनंतरच्या विधींशी आहे, हे खरं. पण १३ क्रमांकाची खोली टाळायची पद्धत आपल्या आजीने शिकवलेली नाही. ती साहेबाकडून आली. चंदीगडच्या मूळ आराखड्यातही सेक्टर १३ नव्हता.

आठाचंही तसंच. आपल्याकडे अंकशास्त्रवाले आठ म्हणजे शनीचा अंक म्हणून घाबरवतात. चीनमध्ये आठ सगळ्यात भाग्याचा. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन त्यांनी मुद्दाम ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता ठेवलं होतं.

यातून निष्कर्ष काय निघतो? आर्सेनिक हे इटलीतही विष असतं आणि इचलकरंजीतही. नागाचा दंश टोकियोतही घातक आणि तासगावातही. जी गोष्ट खरोखर अपाय करते, ती भाषा किंवा सरहद्द बघून करत नाही. चारचा अपाय मात्र फक्त ज्यांच्या भाषेत तो शब्द मृत्यूसारखा ऐकू येतो त्यांनाच होतो म्हणे. म्हणजे दोष आकड्यात नाही, कानात आहे.

"पण डॉक्टर, संशोधन झालंय ना?"

झालंय. दोन अभ्यास हमखास पुढे केले जातात.

पहिला १९९३ चा. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलेला. इंग्लंडच्या दक्षिण भागात १३ तारखेच्या शुक्रवारी रस्ता अपघातामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ६ तारखेच्या शुक्रवारपेक्षा ५२ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतं, असं त्यात म्हटलं होतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण मूळ संख्या बघा. काही वर्षांतले निवडक शुक्रवार मिळून एकीकडे ४५ माणसं, दुसरीकडे ६५. एवढ्या छोट्या संख्येत वीसचा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय हा लेख त्या नियतकालिकाच्या नाताळ अंकात आला होता. या अंकात दरवर्षी हलकेफुलके लेख असतात आणि हाही थट्टेच्या सुरातच लिहिलेला होता. थट्टा विसरली गेली, टक्केवारी तेवढी राहिली.

दुसरा अभ्यास २००१ चा, त्याच नियतकालिकातला. अमेरिकेतल्या चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांमध्ये महिन्याच्या ४ तारखेला हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त दिसतात, असं संशोधकांनी मांडलं. त्यांचा दावा चारमध्ये काही शक्ती आहे असा नव्हता. चारच्या भीतीने येणारा ताण हृदयाला झेपत नसावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे इतरांनी त्यातल्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले. हाँगकाँगमध्ये, म्हणजे जिथे बहुसंख्य लोक चिनी आहेत तिथे, २००३ साली अशीच तपासणी झाली, तेव्हा ४ तारखेला हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत.

म्हणून 'चारच्या भीतीने माणूस मरतो' असंही मी म्हणणार नाही. अंधश्रद्धेविरुद्ध बोलताना पुरावा कच्चा असला तरी चालतो, अशी सवलत डॉक्टरला नसते.

अपोलो १३ आणि निदानाची गोष्ट

तेराचे भक्त अपोलो १३ चं उदाहरण हटकून देतात. ११ एप्रिल १९७० रोजी ह्यूस्टनच्या घड्याळात १३ वाजून १३ मिनिटं झालेली असताना हे यान निघालं. १३ एप्रिलला प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. "बघा!"

बघूच. चौकशी समितीने काय शोधलं? टाकीतल्या हीटरवरचे तापमान नियंत्रित करणारे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. जमिनीवरच्या तयारीत त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा दिला गेला. स्विच निकामी झाले, तापमान प्रमाणाबाहेर वाढलं, आतल्या तारांवरचं आवरण जळालं, आणि पुढे अंतराळात ठिणगी पडून स्फोट झाला. कारण सापडलं म्हणून टाकीची रचना बदलता आली. जानेवारी १९७१ मध्ये अपोलो १४ निघालं आणि चंद्रावर उतरून सुखरूप परतलं. आणि हो, अपोलो १३ चे तिन्ही अंतराळवीरही जिवंत परतले होते.

आता समजा, नासाने म्हटलं असतं, "तेराचा दोष होता, आता चौदा आहे, चिंता नाही." तोच स्विच, तीच टाकी, पुढच्या तिघांच्या बोकांडी!

रुग्णालयात नेमकं हेच होतं. एखाद्या खाटेवर लागोपाठ दोन रुग्ण दगावले की "ती खाटच वाईट आहे" असं म्हणतात. मग तिचा नंबर बदलतात. पण तिथला ऑक्सिजनचा पाइप गळतोय का? ती खाट नर्सच्या टेबलापासून सगळ्यात लांब आहे का? सगळ्यात गंभीर रुग्ण तिथेच ठेवले जातात का? हे प्रश्न मग कुणी विचारत नाही. अपशकुन हे निदान नव्हे. ते निदान थांबवण्याचं निमित्त आहे.

घाबरलेले आकडे: जपान, १९६६

"पण यात प्रत्यक्ष नुकसान कुणाचं?" तर हे घ्या.

जपानमध्ये वर्षांचं साठाचं एक चक्र मानतात. त्यातलं त्रेचाळिसावं वर्ष 'हिनोए-उमा', म्हणजे अग्नी-अश्वाचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याचं आयुष्य खाते, असा समज. १९६६ हे असं वर्ष होतं. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख बाळं जन्मली. १९६६ मध्ये सुमारे १३.६ लाख. १९६७ मध्ये पुन्हा सुमारे १९.४ लाख.

एका वर्षात जन्म पाव हिश्श्याने कमी! युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. अनेकांनी कुटुंबनियोजनाची साधनं वापरली, गर्भपातांचं प्रमाण वाढलं, काहींनी जन्मनोंदणीत तारीख पुढेमागे केली. आणि हा अडाणी देश नव्हता. दोनच वर्षांपूर्वी त्याने ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावणारी रेल्वे सुरू केली होती. २०२६ हे पुन्हा त्याच नावाचं वर्ष.

जपानी लोकांना हसायच्या आधी आपल्या घरात डोकावू या.

आपला स्वतःचा अशुभ आकडा: आठवा महिना

"सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर आजही ऐकू येतं. शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही येतं. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात घातक अशुभ आकडा १३ नाही. तो हा आठ आहे.

हा समज फक्त आपलाही नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यकात, हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात, 'आठव्या महिन्यातलं बाळ' या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. सातव्या महिन्यानंतर गर्भाला चाळीस दिवस आजारपण येतं, त्यात जन्माचा ताण पडला की बाळ दोन्ही सोसू शकत नाही, अशी त्यामागची कल्पना. सात हा आकडा ग्रीकांना विशेष वाटायचा, हेही विसरू नका.

गंमत पुढेच आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या प्राणिविषयक ग्रंथात नोंद आहे की इजिप्तमध्ये आठव्या महिन्यातली बाळं जगतात. ग्रीसमध्ये मात्र फारशी जगत नाहीत, आणि एखादं जगलंच तर लोक म्हणतात, ते आठव्यातलं नव्हतंच, आईची मोजणी चुकली! बघा, समजूत कशी टिकते ते. मेलं तर आठव्यातलं, जगलं तर मोजणी चुकलेली. आपल्याकडेही सातव्यातलं वाचलेलं मूल आयुष्यभर 'सातमाश्या' म्हणून कौतुकाने सांगितलं जातं. आठव्यातली धडधाकट वाढलेली मुलं मात्र कुणी मोजत नाही.

आता विज्ञान काय सांगतं ते साध्या भाषेत.

आम्ही गर्भाचं वय महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजतो. पूर्ण काळ ४० आठवड्यांचा. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा थर लागतो. तो थर गर्भाच्या वाढीबरोबर तयार होत जातो. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या, दूध ओढण्याची ताकद, अंगाची ऊब धरणारी चरबी, हे सगळंही आठवड्यागणिक वाढतं. सात पावलं पुढे आणि आठवं मागे, असं गर्भाशयात काही होत नाही. म्हणून २९ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३३ आठवड्यांच्या बाळाची जगण्याची शक्यता नेहमीच जास्त असते. आठवा महिना सातव्यापेक्षा सुरक्षित, आणि नववा त्याहून.

या समजुतीने काय बिघडतं? आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की घरातली वडीलधारी माणसं मनातून हात टेकतात. "आठव्याचं आहे, पेटीत ठेवून पैसे कशाला घालवायचे?" असं म्हणून बाळाला घरी न्यायला निघतात. खरं तर हेच ते बाळ, ज्याला थोडी ऊब, थोडा ऑक्सिजन आणि आईचं दूध मिळालं की ते बहुतेक वेळा तरून जातं. आपल्या देशात वर्षाला सुमारे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात. त्यांच्यापैकी एकाही बाळाची आशा आकड्यामुळे सोडली जाऊ नये.

उलटी बाजूही तितकीच वाईट. "सातव्यात झालं तर बरं, आठवा लागायला नको" असं म्हणून सातव्या महिन्यातल्या कळा थांबवायला किंवा आईला बाळाच्या फुप्फुसांसाठीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला उशीर करणं. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होण्याची शक्यता दिसली, तर हे इंजेक्शन बाळाचा जीव वाचवू शकतं. पण त्यासाठी वेळेत यावं लागतं.

मुहूर्ताचं सिझेरियन

अशुभ आकड्याचं दुसरं टोक म्हणजे शुभ आकडा. ११-११-११ आणि १२-१२-१२ या तारखांना बाळ व्हावं म्हणून लोकांनी किती धडपड केली, ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच आहे. एरवीही अमावास्या नको, शनीचा अंक नको, अमुक वाजून अमुक मिनिटांनीच हवं, अशा चिठ्ठ्या घेऊन लोक येतात.

वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरवून सिझेरियन करू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. ३७ व्या आठवड्यात, कळा सुरू व्हायच्या आधीच काढलेल्या बाळाला धाप लागण्याची आणि काचेच्या पेटीत राहावं लागण्याची शक्यता ३९ आठवड्यांच्या बाळापेक्षा जास्त असते. कागदावर राजयोग आणि बाळ ऑक्सिजनवर! याच्याही पुढचा धोका म्हणजे बाळाचे ठोके कमी होत असताना "अजून वीस मिनिटं थांबता येईल का?" असं विचारणं. त्या वीस मिनिटांत मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर पत्रिकेतले सगळे ग्रह मिळूनही तो परत देऊ शकत नाहीत.

आणि इथे माझा रोख रुग्णांवर कमी, माझ्याच व्यवसायावर जास्त आहे. घाबरलेल्या नातेवाइकाने मुहूर्त मागितला तर मी समजू शकतो. पण कारण नसताना तो देणारा डॉक्टर, आणि पाटीवरून १३ पुसणारं रुग्णालय, यांना काय सबब आहे? रुग्णालयाने १३ वगळला की रुग्णाला संदेश जातो, "म्हणजे यात काहीतरी असेलच, नाहीतर एवढे शिकलेले लोक कशाला पाळतील?" मग आठव्या महिन्याचं भय खोटं आहे, हे त्याच रुग्णाला आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचं?

"पण मनाचं समाधान?"

ऑपरेशनच्या आधी भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. देवाला नमस्कार करा, अंगारा लावा, कुलदैवताला नारळ बोला. त्याने उपचाराला उशीर होत नाही, माझी काही हरकत नाही. ठरवून करायच्या, घाई नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही मंगळवारऐवजी बुधवार मागितला, तर आनंदाने देऊ.

माझी रेषा साधी आहे. आकड्यामुळे उपचार लांबत असेल, घाईने होत असेल किंवा थांबत असेल, तर ती श्रद्धा राहत नाही, तो धोका होतो. आणि समाधानच हवं असेल, तर ते माहितीतून मिळवा. डॉक्टरांना विचारा: ऑपरेशन का, आत्ताच का, थांबलो तर काय, धोका किती? ही उत्तरं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. खोलीचा नंबर बदलून मागण्यापेक्षा हे प्रश्न विचारणं केव्हाही शहाणपणाचं.

आकड्यांनाच घाबरायचं असेल, तर यांना घाबरा

• १४०/९० – रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजून इतका किंवा जास्त येत असेल, तर 'मला काही त्रास नाही' म्हणून सोडू नका. गरोदरपणात तर एकदा आला तरी त्याच दिवशी दाखवा.

• ११ – गरोदर स्त्रीचं हिमोग्लोबिन याच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. गोळ्या चालू करा आणि चालू ठेवा.

• १२६ – उपाशीपोटीची रक्तातली साखर इतकी किंवा जास्त असेल, तर मधुमेहाची खात्री करून घ्या.

• साडेचार तास – तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोबडी वळणं, ही पक्षाघाताची लक्षणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण एवढ्याच वेळात देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. चांगली वेळ बघत बसू नका.

• ६० – नवजात बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्या, मग ते कुठल्याही महिन्यातलं असो.

• १०८ – जपमाळेतले मणी तेवढेच, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिका बोलावण्याचा नंबरही तोच. संकटात आधी फोन लावा, जप रुग्णवाहिकेत बसून करता येईल.

घरात कुणी गरोदर असेल, तर हा लेख तिच्या सासूबाईंना आणि आईला आवर्जून वाचून दाखवा. आठव्या महिन्यात कळा आल्या तर कुठल्या रुग्णालयात जायचं, तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि रात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवून ठेवा.